खिडकीतली दारातली

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला आतून काळ्या कडप्प्याचा कट्टा आहे. रुंदीला वीतभर. त्यावर माझ्या कुंड्या असतात. कुंड्या म्हणजे आइस्क्रीमचे रिकामे डबे, एक कापलेला तेलाचा कॅन आणि एकच खरी मातीची कुंडी. बाहेर ग्रिलमध्ये ठेवल्या असत्या तर ऊन जास्त लागलं असतं, पण खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर मातीचं पाणी गळतं म्हणून सोसायटीने मना केलं आहे. त्यामुळे सगळं आत. समोरच्या विंगच्या आडून सकाळी थोडा वेळ ऊन येतं, तेवढ्यावर जगतात.

पुदिना, कोथिंबीर, गवती चहा, ओव्याचं पान. आणि मातीच्या कुंडीत तुळस.

हे नाव मी आत्ता लिहिलं. लग्न झाल्यापासून तोंडाने घेतलेलं नव्हतं. माझ्या नवऱ्याच्या नावात हे नाव आहे, पहिलं अर्धं. लिहायला मना आहे असं मला कोणी सांगितलं नव्हतं. मी चौथीपर्यंतच शिकलेली, मी कधी काही लिहीन असं कोणाला वाटलं नसेल.

मी लग्न होऊन आल्या आल्या सासूबाईंनी सांगितलं होतं, "घोवाचा नाव तोंडात येता नये गो. आणि त्या झाडाचा पण नको, तां पण त्याचाच नाव." नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं असं आमच्याकडे म्हणत. मग झाडाला मी 'दारातली' म्हणायला लागले. तेव्हा आम्ही मरोळला बैठ्या चाळीत राहायचो आणि ती खरंच दारात होती, पत्र्याच्या डब्यात. दारातलीला पाणी घातलं. दारातलीची दोन पानं चहात टाकली. मुलाला खोकला झाला, दारातलीचा काढा दिला. हळूहळू घरात सगळेच तसं म्हणू लागले. मुलगा बोलायला लागला तेव्हापासून तोही दारातलीच म्हणायचा. शाळेत बाईंनी चित्र दाखवलं तर तिथेही तेच सांगून आला.

आमच्या ह्यांना याची फार गंमत वाटायची. पूजेचं सामान आणायला बाजारात गेलो की भाजीवालीसमोर मुद्दाम विचारायचे, "अगं, भटजींनी पानं कसली सांगितली होती?"

"दारातलीची."

"कोणाच्या दारातली? नीट सांग ना. ताई खोळंबल्यात."

भाजीवाली हसायची. मी पदर तोंडाला लावून पुढे चालायला लागायची. घरी आल्यावर म्हणायचे, "घे ना एकदा. नाही मरत मी लगेच." मी कांदा चिरत राहायची.

चाळ पाडून बिल्डिंग झाली. आम्हाला सहाव्या मजल्यावर खोली मिळाली. इथे दाराबाहेर काळोखी पॅसेज आहे, तिथे चपलांशिवाय काही जगत नाही. म्हणून कुंडी खिडकीत आली. नाव दारातलीच राहिलं. बाकीचे डबे मग तिच्या शेजारी एकेक करून वाढले. ह्यांनीच पेचकस गॅसवर तापवून डब्यांना भोकं पाडून दिली होती. प्लास्टिक जळल्याचा वास घरभर झाला होता आणि हे म्हणाले होते, "आता तुझं शेत झालं."

मग ह्यांना झटका आला.

सकाळचा चहा घेत होते. गवती चहा घातलेला, कोरा. कप हातातून सुटला. मला वाटलं गरम लागला. मी फडकं घेऊन पुसायला वाकले आणि वर बघितलं तर तोंड एका बाजूला गेलेलं. काहीतरी सांगत होते, पण ते शब्द नव्हते. हॉस्पिटल झालं. पाय परत आला, काठी घेऊन चालता येऊ लागलं. उजवा हात अर्धा आला. बोलणं आलं नाही. 'हां' एवढंच यायचं, नको असेल तरी 'हां'.

मला रडू आलं नाही. येईल म्हणून वाट पाहिली. शेजारपाजारच्या बायका आल्या तेव्हा त्या रडल्या, मी त्यांना पाणी दिलं. मी पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटायला जाते. ह्यांना घरी आणल्यावर परत जायला लागले. पोळ्या नेहमीसारख्याच गोल झाल्या. एवढी वर्षं नाव घेतलं नव्हतं, तरी जे व्हायचं ते झालं, असं एकदा मनात आलं. त्याच्या पुढे काही आलं नाही. विचार तिथपर्यंत यायचा आणि बसायचा.

ह्यांच्या उजव्या हाताला काही कळत नव्हतं. गरम भांड्याला लागला तरी काढून घ्यायचे नाहीत. मला ते बघून वाटायचं, माझं सगळंच तसं झालं आहे. मला त्याचं वाईटही वाटत नव्हतं.

दिवसभर हे खिडकीशी खुर्ची घेऊन बसायचे. मी केंद्रात, मुलगा कुरियरच्या कामावर. घरी हे आणि कुंड्या. एक दिवस हे काठी घेऊन खाली गेले. कशाला गेले ते कळलं नाही, विचारून उपयोग नव्हता. येताना चुकले. आमच्या तिन्ही विंग एकसारख्या, रंग तोच, लिफ्ट तशीच. हे दुसऱ्या विंगमध्ये शिरले, सहाव्या मजल्यावर गेले आणि आमच्या दाराच्या जागी जे दार होतं ते वाजवलं. त्या लोकांनी विचारलं कोण पाहिजे. "हां." नाव काय? "हां." त्यांना वाटलं पिऊन आलेत. ह्यांनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. वॉचमन नवीन होता, उत्तरेकडचा. त्याने ह्यांना खाली आणून गेटपाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. मुलगा जेवायला आला तेव्हा त्याने बघितलं. हे उन्हात बसलेले, पँट ओली.

त्या दिवसापासून मुलाने दाराला बाहेरून कडी बसवली. आम्ही दोघं कामाला निघालो की कडी लावायची.

मी म्हटलं, "कोंडून ठेवायचं का त्यांना?"

"मग काय करू आई? तूच सांग. काम सोडू?" तो चिडला नव्हता, दमला होता. "स्वतःचं नाव तरी सांगता यायला पाहिजे. नुसतं नाव. मग कोणीपण आणून सोडेल. नाव सांगायला लागले की त्याच दिवशी कडी काढतो, आईशपथ."

त्याने चिठ्ठी लिहून ह्यांच्या खिशात घातली होती. ह्यांनी ती काढून ओव्याच्या डब्यात खोचली. परत घातली, परत काढली. गळ्यात कार्ड अडकवलं तर ओढून फेकलं. ते मला समजलं. माझ्या गळ्यात कोणी अडकवलं असतं तर मीही काढलं असतं.

कडी लावताना आवाज होतो. हे आत खुर्चीवर बसून तो आवाज ऐकायचे. दारावर कधी हात आपटले नाहीत. आपटले असते तर बरं झालं असतं.

सरकारी हॉस्पिटलात एक मुलगी बोलायला शिकवते. अंगाने बारीक, हसरी, आपल्या मुलीच्या वयाची म्हणावी अशी. तिच्याकडे आम्ही ह्यांना न्यायचो. ती ह्यांच्यासमोर वस्तू धरायची, आधी आपण नाव म्हणायची, मग ह्यांना म्हणायला लावायची. कंगवा. चमचा. किल्ली. हे तिच्या तोंडाकडे बघत राहायचे.

ती मला म्हणाली, "काकू, सगळ्यात आधी त्यांचं स्वतःचं नाव. घरी तुम्ही समोर बसून म्हणायचं, हळू, तोडून. दिवसातून बऱ्याच वेळा. आता एकदा माझ्यासमोर म्हणून दाखवा."

मी मुलाकडे बघितलं. त्याने नाव म्हटलं.

"तुमचं छान आहे हो, पण घरी कोण असतं जास्त? काकूच ना? त्यांना काकूंच्या आवाजाची सवय आहे." ती माझ्याकडे वळली. "तुम्ही कशी हाक मारता त्यांना?"

"अहो."

"नावाने कधीच नाही?"

मी मान हलवली.

ती हसली. "मग काकू, ते स्वतःचं नाव 'अहो' सांगतील आणि अर्धी मुंबई वळून बघेल."

मुलगाही हसला. मलाही हसू आलं थोडं. पण घरी आल्यावर ह्यांच्यासमोर बसले तर तोंड उघडलं नाही. ओठ मिटून बसले होते आणि समोर हेही तसेच. दोघांचंही एकच झालं होतं.

शेजारीण नांदेडकडची आहे. बौद्ध. पाळणाघरात काम करते. मोठ्याने बोलते, तिचं बोलणं भिंतीपलीकडून आम्हाला रोज ऐकू येतं. पुदिन्याची काडी मला तिनेच दिली होती. पाण्यात ठेवून मुळं आली की मग मातीत लाव, असं तिनेच सांगितलं होतं. मी तिला हे सांगितलं तर तिने कपाळाला हात लावला.

"अगं, मी माझ्याला दुसऱ्या दिवसापासून नावाने हाक मारते. नुसती हाक? शिव्या घालते. काय झालं त्याला? ढेरी सुटली!"

"तुमच्यात चालतं."

"आमच्या बायांनी ते असलं कधीच फेकून दिलं बाई. तू पण फेक. घे, माझ्यासमोर घे. माझा काय तो नवरा नाही."

"मला नाही जमणार गं."

"बरं, त्यांच्या तोंडावर नको. झाडाला म्हण आधी. अर्धं तर अर्धं. झाडाचं आयुष्य कमी झालं तर दुसरं लावू."

हे मात्र मला पटलं. झाडासमोर लाज कसली. दुसऱ्या दिवशी हे आंघोळीला गेले होते. मी चहासाठी पानं खुडायला गेले आणि कुंडीपाशी तोंड नेऊन म्हटलं, तुळस. आवाज निघाला नाही, नुसता वारा निघाला. परत म्हटलं. या खेपेला ऐकू आलं. माझ्याच आवाजात तो शब्द मला नवा वाटला, दुसऱ्या कोणाच्या घरातला. मग रोज म्हणू लागले. पानं खुडायची, दोनदा म्हणायचं, चहा टाकायचा.

आणि ती मान टाकायला लागली.

आधी खालची पानं काळी पडली. मग शेंडे लोंबले. मी बघत राहिले. शेजारणीला दाखवलं, तेव्हा माझे हात गार झाले होते हे तिनेच सांगितलं. तिने मातीत बोट घातलं.

"अगं चिखल झालाय याचा. किती पाणी घालतेस? मुळं कुजली ना."

मी पाणी जास्त घालत नव्हते. मग कळलं. दाराला कडी लागली की हे दिवसभर पाणी घालायचे. काही काम नाही, डाव्या हाताने तांब्या भरायचे, कुंड्यांना घालायचे, विसरायचे, परत घालायचे. पुदिन्याला पाणी चाललं, तो माजला होता. कोथिंबीर आडवी झाली होती, ती तशीही इथल्या उन्हात लांब होऊन पडतेच. तुळशीला मात्र नाही सोसलं.

पाण्याने झालं हे मला कळत होतं. तरी मी म्हणायचं बंद केलं. झाडाला म्हटलं तर झाडाचं असं झालं. माणसाला म्हटलं तर?

शेजारीण म्हणाली, "वेडी आहेस का तू?"

मी म्हटलं, "हो."

हॉस्पिटलातल्या मुलीने सांगितलं होतं, पुढच्या खेपेला ते घरी जे रोज हाताळतात त्यातलं काहीतरी घेऊन या. मी कट्ट्यावरचा एकेक तुरा खुडून पिशवीत घातला. तुळशीची राहिलेली पानं पण घेतली. मुलीने एकेक घेऊन चुरडून ह्यांच्या नाकाशी धरलं. पुदिना. हे गप्प. कोथिंबीर. गप्प. ओव्याचं पान धरलं तर शिंकले. मग तिने तुळशीचं पान चुरडलं. तेही अर्धं काळं पडलेलं होतं.

ह्यांनी डोळे मिटले. तोंड हलायला लागलं. गळ्याची शीर वर आली.

"दा," हे म्हणाले. "दा… रा… तली."

मग मुलीने माझ्याकडे बघितलं. "दारातली? दारातली काय?"

मुलगाच उठून उभा राहिला. "मॅडम, बरोबर आहे! आमच्या घरी दारातलीच म्हणतात हिला. आई बाबांचं नाव घेत नाही ना, म्हणून."

मुलीने समोरच्या कागदावर ह्यांचं नाव वाचलं, हातातल्या पानाकडे बघितलं आणि तिला कळलं. "अय्या! म्हणजे काका पास झाले की!" तिने टाळ्या वाजवल्या. हे तिच्याकडे बघून हसले. अर्ध्याच तोंडाने, पण हसले. आणि परत म्हणाले, "दारातली."

मला वाटलं आता तरी मला काही होईल. छातीत हललं, पण वर आलं नाही. मी पिशवीला गाठ मारली.

घरी येईपर्यंत रिक्षात हे तेच म्हणत होते. दारातली, दारातली. पाणी पाहिजे, दारातली. टीव्ही लाव, दारातली. भूक लागली, दारातली. राग आला तर मोठ्याने दारातली. मुलगा म्हणाला, "बाबा, जरा तरी बदल ना यार." हॉस्पिटलातल्या मुलीने सांगितलं, असं होतं, एक शब्द सुटतो आणि मग तोच तोच येतो. पुढचा येईल किंवा येणार नाही. "पण काकू, दार उघडलंय. आता नाव म्हणा. आता वेळ आहे."

आता वेळ आहे, म्हणजे नंतर नाही, हे तिने सांगितलं नाही. मी समजले.

रविवार होता. मुलगा मित्राकडे गेला होता. तुळस पूर्ण वाळली होती, नुसत्या काड्या. मी ती अजून उपटली नव्हती. हे खिडकीशी बसले होते. मी स्टूल घेऊन त्यांच्यासमोर बसले, गुडघ्याला गुडघा लागेल एवढी जवळ. हात धरला. उजवाच धरला गेला, ज्याला कळत नव्हतं.

लग्नात उखाणा घेतला होता, तेव्हाही नाव मी गिळलं होतं. बायका ओरडल्या होत्या, ऐकू नाही आलं. परत घ्यायला लावलं तरी तेवढंच. म्हणजे मी ते पूर्ण कधी म्हटलंच नव्हतं.

मी म्हटलं. मुलीने सांगितलं तसं, हळू, तोडून. पहिलं अर्धं, मग दुसरं अर्धं. मग सगळं एकत्र, हाक मारल्यासारखं.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मग मान वळवून मागे दाराकडे बघितलं. बराच वेळ बघत राहिले, कोण आलंय, कोण हाक मारतंय ते शोधत. मग काठी घेऊन उठले, दारापर्यंत गेले, दार उघडून पॅसेजमध्ये डोकावले. तिथे कोणी नव्हतं. परत येऊन बसले आणि हात हलवून मला सांगितलं, कोणी नाही.

मी आणखी एकदा म्हटलं. ह्यांनी परत दाराकडे बघितलं.

मग मी थांबले. माझ्या तोंडात ते नाव त्यांचं नव्हतंच. ते नाव त्यांच्या आईच्या तोंडात होतं, कारखान्यातल्या मित्रांच्या तोंडात होतं. माझ्याकडून त्यांना 'अहो' माहीत होतं. मी ते म्हटलं, "अहो." लगेच वळले.

"चहा घेणार?"

"दारातली," हे म्हणाले. म्हणजे हो.

दुसऱ्या दिवशी मुलगा लवकर गेला. कडी लावायचं काम माझ्यावर आलं. मी बाहेर आले, चपला घातल्या, कडीला हात लावला. आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला, कडीचा आवाज ऐकायला बसत असावेत तसा. मी कडी लावली नाही. आत जाऊन म्हटलं, "अहो, चला खाली."

मी वॉचमनशी कधी बोललेली नव्हते. त्याच्यासमोरून मान खाली घालून जायची. त्या दिवशी ह्यांना घेऊन त्याच्यासमोर उभी राहिले. हिंदी मला येतं तेवढं येतं.

"भैया, ये हमारे मिस्टर. बोलना नहीं आता."

"हां, हां, मालूम है. उस दिन..." तो ओशाळला. "क्या नाम है अंकल का?"

परत तेच. एका दिवसापूर्वी मी ते म्हटलं होतं, तरी त्याच्यासमोर जीभ उचलेना. तेवढ्यात हेच म्हणाले, नेहमीचं, मोठ्याने, "दारातली."

"दाराताले?" वॉचमनने विचारलं. "दाराताले साब?"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. मग मिटलं. मग म्हटलं, "हां. दारातले. बी विंग, छठा माला. कोई पूछेगा तो ये यही बोलेंगे."

"ठीक है. दारातले अंकल, बी विंग." त्याने ह्यांना सलाम केला. हे खूश झाले. काठी डाव्या हातातून काखेत घेतली आणि सलाम परत केला.

ह्यांच्यासारखं दुसरं कोणी या गल्लीत तो शब्द म्हणत नाही. म्हणून तो पुरला. ह्यांना तसंच मोकळं सोडून मी कामाला गेले. केंद्रात पोळ्या लाटताना माझं लक्ष नव्हतं, दोन पोळ्या जळल्या. परत आले तर हे गेटपाशी त्याच प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते, सावलीत, आणि वॉचमन त्यांना हिंदीत गावाकडची काहीतरी गोष्ट सांगत होता. हे मधूनमधून दारातली म्हणत होते आणि त्याला ते बरोबर ठिकाणी वाटत होतं.

मुलाला संध्याकाळी सांगितलं. तो आधी ओरडला, कडी का नाही लावलीस म्हणून. मग सगळं ऐकून खुर्चीत बसून हसत सुटला. "म्हणजे आता आपण दारातले? तू मिसेस दारातले?"

शेजारीण दारातूनच ओरडली, तिला सगळं ऐकू गेलं होतं. "बघ, आता तरी घे नाव! दारातलेऽऽ, जेवायला चला!"

मुलाने कडी काढून टाकली. त्या जागी दाराला चार भोकं राहिली आहेत. त्यात मी साबणाचा चुरा भरला, तरी दिसतात.

आता सगळे दारातले म्हणतात. दुकानवाला म्हणतो, लिफ्टमधली मुलं म्हणतात, नव्या भाडेकरूंना तर ते आडनावच वाटतं. वॉचमन इंटरकॉमवर सांगतो, "दारातले साब ऊपर आ रहे हैं." मी "हां" म्हणते आणि दार उघडून ठेवते. ह्यांना दुसरा शब्द अजून आलेला नाही. हॉस्पिटलातली ती मुलगी बदली होऊन दुसरीकडे गेली. जाताना म्हणाली, येईल काकू, कधी कधी उशिरा येतो. तिने असं म्हटलं नसतं तरी चाललं असतं.

खरं नाव आता कोणी घेत नाही. कारखान्यातले मित्र येईनासे झाले, सासूबाई कधीच गेल्या. मी तोंडात न आणता ते एवढी वर्षं सांभाळलं आणि आता ते कोणाच्याच तोंडात नाही. याचं काय वाटायला पाहिजे ते मला कळत नाही. पोळ्या लाटताना कधीतरी आठवतं, मग पुढची पोळी घेते.

वाळलेली तुळस उपटली तेव्हा तिच्या मंजिऱ्यांतलं बी आधीच शेजारच्या पुदिन्याच्या डब्यात पडलेलं होतं. पुदिन्याच्या गर्दीत मला कळलं नव्हतं. एक दिवस चटणीसाठी पुदिना खुडताना हाताला वेगळा वास आला. बघितलं तर चार बारीक रोपं, दोन-दोन पानांची. मातीच्या कुंडीत नवी माती घालून त्यातलं एक हलवलं. ह्यांनी लगेच तांब्या उचलला.

"अहो, थोडंच," मी म्हटलं. "तुळशीला जास्त पाणी सोसत नाही."

बोलून गेल्यावर मला कळलं मी काय म्हटलं. हे पाणी घालत होते. मागे वळून बघितलं नाही.

"दारातली," हे म्हणाले आणि तांब्या बाजूला ठेवला.